दोरीवरच्या गोष्टी

पाऊस चुकवायला मी जर्सी सिटीतल्या त्या गॅलरीत शिरलो. आत ब्राझीलच्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं. भिंतींवर पोस्टर्स, आणि मधोमध ताणलेल्या दोऱ्यांना चिमट्यांनी अडकवलेली छोटी पुस्तकं. मुखपृष्ठांवर लाकडी ठशांनी छापलेली काळी चित्रं. तिकडच्या बाजारात गोष्टींची पुस्तकं अशीच टांगून विकतात, असं पाटीवर लिहिलं होतं.

"वाळत घातलीत अगदी," मी म्हणालो. बायको गेल्यापासून मी स्वतःशीच मोठ्याने बोलतो.

"आणि पाऊस आला तर कोण काढणार?" शेजारून आवाज आला.

ती हिमानी. नागपूरची, नोकरीसाठी सहा महिन्यांपूर्वी अमेरिकेतल्याच हर्नडन गावाहून इकडे आलेली. केस ओले होते.

"पोर्तुगीज येतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. मग गोष्ट चित्रावरून सांगायची. ही माशावर बसलेली बाई… हिचं काय होतं?"

"मासा एकटाच परत येतो."

"बरं. आणि ही? जिच्या छपरावर पक्षी आहे ती?"

"पक्षी तिला घेऊन जातो."

"तुमच्या सगळ्याच गोष्टींत बाई मरते! काय यार!"

ती हसत होती. मला हसता येईना.

"माझी बायको… सुवर्णा. दोन वर्षं झाली. ऑपरेशनला आत गेली, ती परत—"

हिमानीने दोरीवरचा एक रिकामा चिमटा काढला. तो उघडत-मिटत राहिली.

"गुरुवारी माझं ऑपरेशन आहे," ती हळूच म्हणाली. "गाठ काढायचीय. भूल देणार, म्हणून न्यायला कुणी आल्याशिवाय घरी सोडत नाहीत. फॉर्मवर त्याचं नाव लिहावं लागतं. आणि इथे माझं…" तिने चिमटा परत दोरीला लावला. "तुम्हाला विचारत नाहीये हं."

"माझी ट्रेन आहे," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

पाथ ही इथली लोकल, दर दहा मिनिटांनी असते. हे तिलाही माहीत होतं.

स्टेशनच्या जिन्यावर मी कठडा धरून थांबलो. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममधल्या त्या खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, दार उघडून डॉक्टर बाहेर येतात ती वेळ. पुन्हा तिथे बसायचं? मला जमणार नव्हतं. एक ट्रेन गेली. दुसरी गेली. फॉर्मवरची ती रिकामी ओळ मात्र डोळ्यांपुढून जाईना.

मी परत गेलो. ती दोरीजवळच उभी होती.

"ट्रेन चुकली?"

"एक गोष्ट राहिली."

मी एक पुस्तक काढलं. चित्रात दोन झाडांना बांधलेल्या झोळीत झोपलेली बाई होती.

"ही झोपलीय," मी म्हणालो.

"आणि?"

"उठते."

"नक्की?" तिने विचारलं.

"माहीत नाही… पण बाहेर एक माणूस गाडी घेऊन थांबलाय. तिच्यापेक्षा जास्त घाबरलाय."

मग तिने पर्समधून घडी घातलेला फॉर्म काढला, त्या पुस्तकावर ठेवून सरळ केला.

"नाव काय त्या माणसाचं?"

"यतीन."

तिने सावकाश लिहिलं.

"फोन नंबरही लागतो हं," ती म्हणाली. मान खालीच होती, पण गालावरून कळलं, ती हसत होती.