पाल्य सुखरूप पोहोचली

"आमची मेलेली मुलगी रोज शाळेत जाते," असं म्हणून त्या माणसाने फोन टेबलावर ठेवला, आणि हवालदारांचा कप ओठांशीच थबकला.

निवृत्तीनंतर हवालदार शोधबाईंच्या खासगी तपासात हातभार लावत. त्यांनी वाकून वाचलं: 'आपली पाल्य शाळेत सुखरूप पोहोचली.' सकाळचाच मेसेज.

"खारू न्यूमोनियाने गेली, वर्ष होत आलं," बाप म्हणाला. "महिनाभर हे चाललंय. फोन वाजला की अंगावर काटा येतो. मी लगेच हिला फोन लावतो, 'खारू आली गं परत!' मध्यंतरी ही तापाने घरी पडली होती, तेवढे दिवस मात्र काही आलं नाही. वाटलं, सुटलो."

शेजारी त्याची बायको मान खाली घालून बसली होती. ती त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून होती. "शोधून काय मिळणार?" एवढंच ती पुटपुटली.

शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी शपथेवर म्हणाला, "तिचं कार्ड मशीनला लागलेलं नाही. पण बाई, हल्ली सकाळी मुलांचे चेहरे बघायची भीती वाटते."

वर्गशिक्षिकेने डोळे पुसले. "माझ्या हजेरीतून तिचं नाव केव्हाच गेलं. तिच्या जागेवर मात्र अजून कुणी बसत नाही."

"हजेरीची नोंद झाली की मेसेज आपोआप जातो. मग नोंद करतं कोण?" बाईंनी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं.

"तेच कळत नाही. फाटक, वर्ग, ऑफिस, तिन्ही प्रोग्रॅम एकाच लॉगिनने डेटाबेसमध्ये शिरतात. ऑफिसचा प्रोग्रॅम उशिरा आलेल्यांची हजेरीही लावतो. तिथे खारूच्या आई, म्हणजे आमच्या ताई, आणि हेडक्लार्क. हेडक्लार्कांनी तर वर्षभरात एक रजा घेतली नाही."

"म्हणजे चोर तिघे, टोपी एकच!" हवालदार म्हणाले.

"प्रोग्रॅम ज्या ओळीने डेटाबेसला जोडतात," बाई म्हणाल्या, "त्या ओळीत लॉगिनबरोबर प्रोग्रॅमचं नाव लिहायलाही जागा असते ना?"

"असते. पण आमच्याकडे रिकामीच आहे."

"तिन्ही ठिकाणी आपापलं नाव भरा. कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि पडद्यावर खारूची नोंद उमटली. हवालदारांनी नकळत देवाचं नाव घेतलं. नोंदीपुढे या वेळी शब्द होता: 'ऑफिस'.

संध्याकाळी बाईंनी नवराबायकोला बोलावलं.

"मेसेज फाटकातून आला नाही, वर्गातूनही नाही. ऑफिसातून आला. तिथे दोघंच बसतात. ताई, तुम्ही तापाने घरी होतात तेव्हा हेडक्लार्क कामावरच होते. तरी मेसेज आला नाही."

नवरा ताडकन उठला. "तू? आई असून?"

"तुम्ही तिचे फ्रॉक देऊन टाकलेत, फोटो उतरवलेत," ती शांतपणे म्हणाली. "मी तिचं नाव काढलं की उठून जायचात. मेसेज आला की तेवढं फोनवर 'खारू' म्हणायचात. घाबरून का होईना, म्हणायचात तरी."

मग तो हळूच खाली बसला.

"खारीसारखे गालात शेंगदाणे साठवायची," तो हवालदारांना सांगू लागला. "हसवलं की सगळे बाहेर. एकदा माझ्या नव्या शर्टावर..."

बायको हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

बाईंनी हवालदारांना खूण केली. दोघं बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. आतलं बोलणं बराच वेळ चालू होतं.