पाठ वळताच झोपणारी पेटी

समुद्राच्या तळाशी बांधलेल्या ‘शिंपला’ केंद्रात त्या दुपारी एका दाराने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. सगळ्यांच्या म्हणजे दोघींच्याच. त्या वेळी केंद्रात होत्याच दोघी, अकरा वर्षांची ऋजुता आणि केंद्रातले संगणक सांभाळणारी तिची नंदामावशी. तिसरी, म्हणजे ऋजुताची आई, दाराबाहेर होती. काळ्या पाण्यात, एका माणसापुरत्या छोट्या पाणबुडीत.

पाणबुडी आत घ्यायची रीत ठरलेली होती. ती आधी दोन दारांमधल्या खोलीत यायची, बाहेरचं दार लागायचं, पंप खोलीतलं पाणी उपसायचा आणि मग आतलं दार उघडायचं. प्रत्येक पायरीला केंद्राचा संगणक खोलीतल्या मापनपेटीला विचारायचा, ‘दाब किती?’ उत्तर आलं की पुढे. आज पेटी उत्तरच देईना. उत्तराची वाट बघता बघता संगणकही थिजायचा, पडद्यावरचा बाणसुद्धा हलायचा नाही. थोड्या वेळाने तो आपणहून बंद होऊन सुरू व्हायचा आणि पुन्हा तेच रामायण.

कोडं पुढेच होतं. पेटीचं काय बिनसलंय ते बघायला मावशीने पडद्यावर निरीक्षणाची खिडकी उघडली, की पेटी ठणठणीत! खिडकी मिटली, की थोड्याच वेळात पुन्हा मुकी.

“नंदे, किती वेळ गं?” ध्वनिवर्धकातून आईचा आवाज आला. “इथली हवा जड व्हायला लागलीय. आणि वर जाण्याइतकी बॅटरी उरलेली नाही, तेव्हा तुमच्याच गळ्यात पडणार आहे मी.”

आई हसत होती. पण असं हसते तेव्हा ती घाबरलेली असते, हे ऋजुताला पक्कं ठाऊक होतं.

“मावशी, मग ती खिडकी उघडीच ठेव ना!”

मावशीने तेच केलं. बाहेरचं दार कुरकुरत उघडलं, पाणबुडी आत आली, दार मागे लागलं, पंप घुरघुरू लागला. ऋजुताने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि पंप थांबला. बाण थिजला. खिडकी उघडी असूनही.

आता आई धड बाहेरही नव्हती आणि धड आतही. अर्ध्या भरलेल्या खोलीत, दोन बंद दारांमध्ये ती अडकली होती.

“आता?” ऋजुताने विचारलं.

“संगणक सुरू होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं,” मावशी म्हणाली. “नाही, बसायचं नाही. विचार करायचा. मी मोठ्याने बोलते, तू ऐक. चुकलं तर टोक.”

ऋजुताला रडायचं होतं. पण तिने मान डोलावली.

“पेटी बिघडलेली नाही, ती झोपतेय. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक घड्याळ असतं. वेळ सांगणारं नव्हे, ठेका देणारं. लेझीम खेळताना हलगीच्या ठेक्यावर एकेक पाऊल पडतं ना, तसं त्या ठेक्यावर यंत्राचं एकेक काम होतं. ठेका थांबवला की यंत्र जागच्या जागी उभं राहतं आणि वीज वाचते. म्हणून काम नसेल तेव्हा आपण ठेका बंद करतो.”

“आणि तेव्हा त्याला कुणी काही विचारलं तर?”

“तर ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. विचारणारा वाट बघत खुळ्यासारखा उभा राहतो. तोच आपला संगणक.”

“पण कामात असताना त्याला झोपवतं कोण?”

“कर्नेल,” मावशी म्हणाली. कर्नेल (संगणकाच्या कारभाराचा गाभा, कुणाला वीज द्यायची, कुणाची पाळी कधी, हे ठरवणारा). “पण तो मनाने झोपवत नाही, मोजून झोपवतो. आपल्या खोल्यांबाहेर खुंट्या आहेत बघ. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला अडकवायचा, निघताना काढायचा. शेवटचा बिल्ला निघाला की दिवा मालवायचा. पेटीचंही तसंच. पेटीशी बोलायचं तर आधी एक बिल्ला लावायचा, काम संपलं की काढायचा. बिल्ले शून्य झाले की ठेका बंद. दार उघडणारा प्रोग्राम एक बिल्ला लावतो, दार चालू असेल तेव्हा गळतीवर पहारा ठेवणारा दुसरा.”

ऋजुताने बोटांवर बिल्ले मोजले. मग हळूच म्हणाली, “तू खिडकी उघडलीस, म्हणजे तूही एक लावलास?”

“हो. म्हणून तर बघताना पेटी जागी...” मावशी बोलता बोलता थांबली.

“पण तुझा, दाराचा आणि पहारेकऱ्याचा, तीन बिल्ले असतानाही ती झोपली. म्हणजे कुणीतरी दुसऱ्यांचे बिल्ले काढतंय.”

मावशीने आपल्या मांडीवरच्या संगणकावर पेटीचा ड्रायव्हर (यंत्राची भाषा संगणकाला समजावणारा दुभाषा) उघडला. तिचं बोट ओळींवरून सरकत गेलं आणि एका जागी थबकलं.

“सापडलं! पाणी गढूळ असलं की पेटीचं उत्तर कधीकधी गिचमिड येतं. तसं आलं की ड्रायव्हर आपला बिल्ला काढतो आणि ‘पुन्हा विचार’ म्हणून कळवतो. पण त्याच्या बाहेर पडायच्या वाटेवर बिल्ला काढायची आणखी एक ओळ आहे. लावला एक, काढले दोन!”

“दोनदा कशाला?”

“आपण इथली माणसं वीज वाचवायला इतकी सोकावलोय, की दिवा मालवला तरी परत जाऊन बटण चाचपतो. त्याच सवयीने लिहिलंय हे. बटण दोनदा बंद केलं तर काही बिघडत नाही. पण मोजणीतून दोनदा वजा केलं, तर दुसऱ्या वेळी जातो तो दुसऱ्याचा बिल्ला.”

“मग खोड ना ती ओळ!”

“खोडून, तपासून, नव्याने बसवायला वेळ लागेल, ऋजू.” मावशीने ध्वनिवर्धकाकडे पाहिलं. आई आता बोलत नव्हती. नुसते तिचे जड, लांबलेले श्वास ऐकू येत होते. ऋजुताला इतकी भीती आजवर कधीच वाटली नव्हती.

“मग आपण बिल्ले वाढवू या!” ती ओरडलीच. “खूप खिडक्या उघडू या!”

संगणक सुरू झाला. मावशीने पंप हाती घेतला, ऋजुताने खिडक्या. एकावर एक ती उघडत सुटली. कोपऱ्यातला बिल्ल्यांचा आकडा चढला. नऊ, दहा, अकरा. पंप घुरघुरला, तळाचा गाळ ढवळून निघाला आणि उत्तरं धडाधड गिचमिड येऊ लागली. दहा. आठ. सहा. ऋजुताची बोटं घामाने घसरत होती. एक खिडकी उघडावी तर दोन बिल्ले जात होते. चार. तीन.

“थोडंच पाणी उरलंय,” मावशी पुटपुटली.

दोन. ऋजुताचं बोट चुकीच्या जागी पडलं. एक. तिने डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा दाबलं. दोन.

खट्ट!

आतलं दार उघडलं. पाणबुडीच्या झाकणातून आई अक्षरशः बाहेर कोसळली आणि ऋजुताने तिला मिठी मारली ती सोडेचना. “अगं, गुदमरेन मी,” आई म्हणाली, “आत्ताच तर वाचलेय!” तेव्हा कुठे ऋजुता हमसून हमसून रडली.

संध्याकाळी मावशीने ती जादा ओळ ऋजुताकडूनच खोडून घेतली. ड्रायव्हर नव्याने बसवला. मग दोघी मुद्दाम गढूळ पाणी खोलीत सोडून आकड्याकडे बघत बसल्या. गिचमिड उत्तरं येत होती, आकडा मात्र जितका चढे तितकाच उतरे.

“परवा मला पुन्हा जावं लागेल,” आई बिचकत म्हणाली. “तळावरची उपकरणं तशीच राहिलीत.”

‘जाऊ नकोस’ ऋजुताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती पडद्याजवळ गेली आणि एकेक खिडकी मिटत गेली. शेवटच्या खिडकीपाशी तिचा हात अडला. मग तिने तीही मिटली. आकडा शून्यावर आला, पेटीचा ठेका थांबला.

तिने विचारलं, ‘दाब किती?’

पेटी जागी झाली, उत्तर दिलं आणि पुन्हा झोपली.

ऋजुताने ते आणखी एकदा करून बघितलं. मग आणखी एकदा. मग आईकडे वळून म्हणाली, “जा. दाराशी मी बसते.”