हिरीचा लाभ

टोकावड्याच्या अलीकडे आमची भाताची गिरणी आहे. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पण गिरणी माझ्या शब्दावर चालते. मुलानं, आदेशनं, हौसेनं वजनकाटा आणला; तो कोपऱ्यात धूळ खातोय. मी पायलीनंच मापते आणि मोठ्यानं सांगते. सून भूमिका ते लॅपटॉपात लिहिते. एरवी ती मुरबाडला ऑफिसात, रविवारी गिरणीत.

पहिल्या मापाला आमी एक म्हणत नाय, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. हिरी दर रविवारी एकच पायली भात आणायची. एकटा जीव, लागतं किती? मी पायली ओतून म्हणायची, "लाभ." भूमिका तेच लिहायची.

हिरी आणि मी एकाच मांडवात लगीन लागून या गावात आलो. जीभ माझ्याहून तिखट. "तुझ्या गिरणीत अर्ध्या तांदळाची कणी होते गो," म्हणायची, आणि पुढल्या रविवारी परत हजर.

झोडणी झाली, गर्दी वाढली. भूमिकानं पिव्होट टेबल का काय ते केलं. एकेका नावापुढे त्याची सगळी बेरीज.

"आई, टोटलवर फिल्टर लावते. शून्याच्या वरचेच ठेवते. बाकीची नावं उगाच जागा अडवतात."

"म्हणजे चाळण."

"हो, तसंच."

"मग खाली पडलेली कुठे जातात?"

"जात नाहीत हो. आतच असतात. फक्त दिसत नाहीत."

त्या रविवारी हिरी आली नाय. पुढल्या रविवारीही नाय. तिचा शेजारी भगीरथ भात घेऊन आला, त्याला विचारलं.

"कोण हिरी, काकी?"

"दारू प्यायलास काय रे सकाळी?"

तो हसला नाय. माझ्याकडे नीट बघत राहिला.

मीच गेले. भगीरथची भिंत संपली की हिरीचं दार, मग चिंच. भगीरथची भिंत संपली आणि चिंच आली. पडकं घर नाय, रिकामी जागा नाय. मधे घराएवढं अंतरच नव्हतं. चिंचेखाली मात्र चुलीचा ओला धूर येत होता.

घरी येऊन भूमिकाला म्हटलं, "हिरी दाखव."

"हिरी कोण, आई?"

"काढ ती चाळण!"

तिनं काढली. नाव आलं. पुढे शून्य. भूमिकानं जुन्या नोंदी उघडल्या. हिरी, लाभ. हिरी, लाभ. खालपर्यंत.

"आकडाच नाही हा," ती हळू म्हणाली. "अक्षरांची बेरीज होत नाही, आई. शून्यच धरलं जातं."

"एक लिही. सगळीकडे एक लिही."

तिनं लिहिलं. रिफ्रेश केलं. चाळण परत लावली. हिरी राहिली.

मी तशीच निघाले. भिंत, मग दार. हिरी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. अंगानं वाळली होती.

"कुठं गेला होतात गो सगळे?" ती म्हणाली. "चुली पेटलेल्या, दारं उघडी, आणि गावात माणूस नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दिसू नये म्हणून खेकसले, "एकटी घाबरली असशील, भित्री."

"एकटी कुठं? आमी पुष्कळ होतो." तिनं सुपातला खडा काढून टाकला. "तुझा धाकटा पण होता. आईला सांग म्हणाला."

"मला एकच मुलगा आहे, हिरे. आदेश."

तिनं सूप खाली ठेवलं. भगीरथनं माझ्याकडे बघितलं होतं, तशी बघत राहिली.

घरी आले. अंगणातूनच हाक मारली, "थोरल्या!"

आदेश बाहेर आला.

लहानपणापासून मी त्याला थोरल्याच म्हणते. गावही म्हणतं. आदेश दारात उभा होता, आणि मी आठवत होते, का म्हणते.