तू जा, मी बसतो

वीज गेली तशी वसतिगृहातली पोरं म्हाताऱ्या रेक्टरकाकांभोवती गोळा झाली. शेवटच्या खोलीतून आजारी पोराचा खोकला आला.

"त्याच्याजवळ कोण आहे?" काकांनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"मग ऐका. ढापण्या माझ्या चांगल्या ओळखीतला. गेल्या परीक्षेच्या आधीचा शनिवार, अमावास्येची रात्र."

ढापण्या निघाला होता साधं औषध आणायला. त्याचा खोलीसोबती लांबू शेवटच्या खोलीत तापाने फणफणला होता. कंपाउंडरने बजावलं होतं, "कपाळावरची पट्टी वाळू देऊ नकोस. आणि त्याला एकटं सोडू नकोस." आता औषध आणायचं तर सोडायलाच हवं. ढापण्याने एकेक दार ठोठावलं.

"अर्धा तास बस रे त्याच्याजवळ!"

"सोमवारी पेपर आहे बाबा!"

"मला लागण झाली तर? तुझा काका लिहिणार का माझा पेपर?"

दारं पटापट लागली. ढापण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी एकाच ताटात जेवणारी ही पोरं!

जिन्यात एक मुलगा उभा होता. लांब कोट, बाह्या दुमडलेल्या. त्याने ढापण्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता.

"तू जा, मी बसतो."

"देव भलं करो तुझं," म्हणत ढापण्या पळाला. नवीन असेल कुणी, त्याला वाटलं.

जवळचं दुकान बंद निघालं. पार स्टेशनपर्यंत तंगडतोड झाली. परतताना त्याला काकांनीच कधीतरी सांगितलेली गोष्ट आठवली.

हे कॉलेज एकोणिसाव्या शतकातलं. तेव्हाही पोरं अशीच कंदिलाखाली घोकायची, मेसमध्ये भांडायची, एकमेकांचे सदरे घालायची. मग तापाची साथ आली. पोरांनी पाळ्या लावल्या. आजाऱ्याजवळ एकाने बसायचं. पुढच्याने येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "तू जा, मी बसतो." तोवर उठायचं नाही. एका रात्री पुढचा आलाच नाही. घाबरून कडी लावून बसला. बसलेल्यालाही ताप चढला होता, पण तो उठला नाही. सकाळी आजारी पोरगा शुद्धीवर आला. पट्टी पिळणारा मात्र स्टुलावर बसल्या जागी थंड झाला होता.

ढापण्या वर आला. बोळ अंधारा.

शेवटचं दार किलकिलं.

आत पाण्याचा आवाज. पट्टी पिळल्याचा.

लांबू शांत झोपला होता. स्टुलावर पाठमोरा... तो कोट.

"आलो रे मी. जा तू आता."

पट्टी पुन्हा पिळली गेली.

"अरे, जा ना..."

मान हलली नाही. हात तेवढा हलला. भांड्यात. कपाळावर. भांड्यात.

जिना मागे होता. दार उघडं होतं. खाली माणसं होती. पळता आलं असतं...

लांबू झोपेत कण्हला. "पाणी..."

त्या रात्रीही कुणीतरी असंच दार लावून घेतलं होतं.

ढापण्या पुढे झाला. एक पाऊल. अजून एक. त्याने हात उचलला. खांद्यावर ठेवला. गार. ओल्या फडक्यासारखा.

"तू जा... मी... बसतो."

...

स्टूल रिकामं होतं.

ढापण्या त्यावर बसला. उजाडेपर्यंत पट्ट्या बदलत राहिला. सकाळी लांबूने डोळे उघडले. ताप उतरला होता.

काका थांबले. अंधारात कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, थापा मारताय."

"मागच्या व्हरांड्यातल्या दोरीवर ढापण्याचा त्या रात्रीचा शर्ट आहे. दुसऱ्या दिवशी धुऊन वाळत घातलेला. ढापण्याने परत अंगात घातला नाही."

दोघंतिघं टॉर्च घेऊन गेली. शर्ट उन्हाने विटला होता, पापडासारखा कडक झाला होता. एकाने खांद्यावर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

कुणी हसलं नाही. तोच पोरगा वळला आणि शेवटच्या खोलीकडे चालू लागला.

दोरीवरच्या शर्टाच्या खांद्यावर पाच बोटं उमटली होती. अजून ओली.