पाचवं झाड

गॅलरीतल्या चारही गांजाच्या झाडांनी माना टाकल्या होत्या. हेमांगीने पाणी घालून पाहिलं, कुंड्या सावलीत ओढल्या, पण पानं काही वर येईनात. या झाडांपासून काढलेलं बाटलीतलं तेल तळाला गेलं होतं. ते तेल संपलं की तन्मयीचे झटके परत येणार होते, आणि मागच्या झटक्यात आपल्या बारा वर्षांच्या पोरीचे ओठ निळे पडलेले हेमांगीने पाहिले होते. दुकानातलं तेल तन्मयीला लागू पडत नसे. ही झाडं तिच्याच रक्ताशी जुळवून घडवलेली होती.

औषधी गांजा रुग्णाच्या राहत्या घरी लावायला परवानगी मिळाली, तेव्हा मर्यादा ठरली चार झाडांची. आता घरोघर कुंड्या मोजायच्या म्हणजे इन्स्पेक्टर आले, आणि त्यांचं चहापाणी आलं. म्हणून मोजणीचं काम सरकारने झाडांवरच सोपवलं. प्रत्येक झाड एक गंध सोडतं, माणसाच्या नाकाला न कळणारा. त्याला म्हणतात 'गणगंध'. झाडं जितकी जास्त तितका तो दाट. चार झाडांपलीकडे तो गेला, की पेशींत बसवलेला एक जनुक जागा होतो आणि सगळीच झाडं सुकू लागतात. जास्तीचं झाड वेळेत हलवलं तर बाकीची सावरतात.

दुपारी बियाणे केंद्राचे डॉ. मुजावर आले. गणगंध मोजणारं यंत्र, म्हणजे 'हुंगणी', त्यांनी गॅलरीत धरली.

"पाच दाखवतंय, ताई."

"चारच आहेत सर. तुमच्यासमोर तर आहेत."

"छाटलेली फांदी कुठे खोचली नाहीत ना? तुळशीत वगैरे?"

"पोरीचा जीव टांगणीला लावून मी असले उद्योग करीन?"

डॉक्टर हुंगणी घेऊन घरात फिरले. स्वयंपाकघरात आकडा उतरला. आतल्या खोलीत तन्मयी चित्र रंगवत बसली होती, तिथे तो पुन्हा चढला. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं.

"बाळा, जरा श्वास सोड बघू."

मग ते हेमांगीला बाहेर घेऊन आले. "गणगंध तेलात उतरतो. तेल पोटात गेलं की चरबीत साठतो. इतकी वर्षं घेतल्यावर आता तो हिच्या श्वासातून येतोय. झाडं हिलाही मोजतायत."

"मग एक झाड काढून टाकू?"

"तीन झाडांच्या तेलात हिचं भागणार नाही. आणि तेल जितकं पोटात जाईल तितका गंध वाढणार. आज ही एका झाडाएवढी आहे. पुढे दोन होईल."

"झाडं बहिणीकडे ठेवते."

"रुग्णाच्या घराबाहेर एक पान नेता येत नाही. सध्या हिला मागच्या खोलीत ठेवा, दार लावून. पुढे घराबाहेर ठेवावं लागेल. पण ती बाहेर राहायला लागली, की हे तिचं राहतं घर उरत नाही. मग परवानगीही गेली."

हेमांगीला मागचा महिना आठवला. तन्मयीला पहिली पाळी आली, तेव्हा नवऱ्याच्या आत्याबाई बजावून गेल्या होत्या, "पोरीला झाडांना शिवू देऊ नकोस, सुकतात." हेमांगीचं डोकं फिरलं होतं. असलं खूळ या घरात चालणार नाही, म्हणून त्या दिवसापासून तिने झाडांना पाणी मुद्दाम तन्मयीच्याच हातून घालायला लावलं होतं. रोज. पोर झाडांशी गप्पा मारत तासन्‌तास तिथे बसायची, आणि हेमांगीला तिचं कौतुक वाटायचं.

तन्मयी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे आत्याआजीचं खरं होतं."

"नाही गं. ते वेगळं, हे वेगळं." कारण वेगळं होतं खरं. पण करायचं तेच होतं, पोरीला झाडांपासून लांब बसवायचं.

तन्मयीने आपली उशी आणि चादर उचलली आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली.

"चारच दिवस ना, आई?"

हेमांगीने बाहेरून दार ओढून घेतलं.