वरच्या खिंडीतलं बी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एकदा सांगायला लागले की मधे खिदळलेलं मला खपत नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या कडेवरची गोष्ट आहे. नातू मोबाईलवर लिहून घेतोय. त्याला सांगून ठेवलंय, आपली अक्कल मधे घालू नको म्हणून.

आणि रात्रीची नाही बरं का. भर दुपारची.

साल १९६२. घाटंजीकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमचा बंजाऱ्यांचा तांडा. घरात बापू रामसिंग, आई हंसाबाई, तिला आम्ही याडी म्हणायचो. मी बसंती, लग्न ठरलेली. आणि माझ्या पाठीवर खूप वर्षांनी झालेली जमनी, सहा वर्षांची. याडीचा सगळा जीव त्या पोरीत. माझा तर जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, पण तुम्हाला समजावं म्हणून ते बोलणं वऱ्हाडीत सांगते.

याडीला एक नाद होता. कुठंही पाहुणी गेली की तिथलं बी ओढणीच्या गाठीत बांधून आणायची. घरामागं न्हाणीच्या सांडपाण्यावर तिची वाडी. हे वाल ढाणकीच्या मावशीकडचे, हे कारलं बाभुळगावच्या बाजारातलं, असं आल्यागेल्याला सांगत बसायची.

बापू चिडवायचा, "हे बाई सोयऱ्याले भेटाले नाही, बी चोराले जाते!"

याडीचं माहेर डोंगरापलीकडं. वाट वरच्या खिंडीतून. खिंडीत दगडगोट्यांचा एक लांबट ढीग होता. पूर्वी आमचे लोक बैलांवर मीठ, धान्य लादून गावोगाव फिरायचे, त्या लदेणीच्या काळात एक लहान पोरगी तिथं वाटेत गेली. तांड्याला थांबता येत नव्हतं. तिथंच पुरलं, जनावरानं उकरू नये म्हणून वर गोटे रचले. तेव्हापासून आमच्यातला जो कोणी तिथून जाईल, त्यानं आपल्या हातानं एक गोटा ठेवायचा. तिथून काही उचलायचं नाही. आणि खिंडीत कोणाला नावानं हाक मारायची नाही.

काहून, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

वैशाखात मामाच्या घरचं लग्न उरकून आम्ही परत येत होतो. खिंडीत गवताची काडी हिरवी नव्हती.

आणि त्या ढिगावर... दुधी भोपळ्याचा वेल.

हिरवागार.

त्याला एकच भोपळा, वाळलेला. याडीनं हलवून पाहिला. आत बिया खुळखुळल्या.

"नोको याडी," मी म्हटलं.

"अवं, फुकट चालला. मी दोन गोटे ठेवते, झालं?"

बापू पुढं गेला होता. याडीनं बी ओढणीच्या गाठीत बांधलं.

मृग लागला तसं तिनं ते लावलं. बघता बघता वेलानं मांडव धरला. पावसानं ताण दिला, बाकीची वाडी माना टाकून बसली. हा वेल मात्र तरारलेला. श्रावणात पहिला भोपळा उतरला. भाजी केली, पहिला घास जमनीला.

मग दुपारचा आवाज सुरू झाला.

सगळे निंदणाला गेलेले असायचे. तांडा सुना. घरामागून आवाज यायचा...

टक.

थोडा वेळ काही नाही.

टक.

गोट्यावर गोटा ठेवल्यासारखा.

याडी जाऊन पाहायची, तर वेलाखाली गोटे. ती वेचून बाहेर फेकायची. दुसऱ्या दुपारी पुन्हा तिथंच, आणि जास्त.

"जमने, काहून गोटे जमा करून राह्यली वं?"

"मी नाही याडी. ते पोरगी करते."

"कोन पोरगी?"

"जिच्या घरचा भोपळा हाय, ते."

याडीनं बापूला सांगू नको म्हणून मला खुणावलं. मी तिथंच उभी होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. ढीग लांबट झाला होता. आणि जमनी त्याच्या शेजारी पाठीवर सरळ झोपलेली. डोळे उघडे.

मला पाहून हसली.

"अक्का, पाह्य न. माह्याएवढाच झाला."

मी तिला ओढून उचललं आणि ओरडतच घरात आले. बापूला तेव्हा कुठं बियाची गोष्ट कळली. तो याडीवर हात उगारील असं वाटलं, पण उगारलाच नाही. तसाच फुलचंदबाबांकडं धावला.

तांड्यात सगळ्यांत म्हातारे फुलचंदबाबा. लहानपणी लदेणीवर फिरलेले. खिंडीतली ती पोरगी त्यांची पाठची बहीण होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. नाव त्यांनी सांगितलं नाही.

"तिथं ठेवाचं अस्ते, घेवाचं नस्ते," ते म्हणाले. "समदं वापस करा. वेल, बी, भोपळे. जेनं जेनं खाल्लं तेनं जाऊन आपल्या हातानं गोटा ठेवा. अन् नाव घेऊ नोका."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. बापूच्या डोक्यावर भोपळ्यांसकट उपटलेला वेल, याडीकडं बी, माझ्या कडेवर जमनी. चढताना पोरगी नुसती वटवट करत होती. अक्का हे काय, अक्का ते काय. माझी कंबर मोडली, पण मी तिला खाली सोडलं नाही.

खिंडीत पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. किडे किरकिरत होते. बापूनं वेल ढिगावर ठेवला. याडीनं गाठ सोडून बी टाकलं, पदर झटकला. बापूनं गोटा ठेवला. याडीनं ठेवला. मी ठेवला.

राहिली जमनी. तिला खाली सोडावंच लागलं.

"आन एक गोटा," याडी हळूच म्हणाली.

जमनी गोटा शोधत ढिगाच्या पलीकडं गेली. ढीग तिच्यापेक्षा उंच नव्हता हो. कमरेएवढाच. पण ती वाकली असेल. दिसेना.

आणि किडे एकदम गप्प झाले...

वारा नाही. पाखरू नाही. पोरीचा पायरव नाही.

टक.

मग काहीच नाही.

मी पुढं व्हायला पाहत होते, तेवढ्यात याडीनं हाक मारायला तोंड उघडलं. बापूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं तो झटकला. आईच ती.

"जमनेऽऽ!"

"ओ," ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

आणि लगेच...

"ओ."

दुसरी ओ खालून आली. गोट्यांच्या आतून. अगदी बारीक.

पलीकडून जमनी चालत आली. हात रिकामे. चेहरा कोरा. येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि उचल म्हणून हात वर केले.

याडी ढिगावर पडली आणि दोन्ही हातांनी गोटे उपसायला लागली. "माही पोरगी आत हाय! मले आयकू आलं!"

बापूनं तिला मागं ओढलं. एवढा मोठा माणूस रडत होता. "हे काय समोर उभी हाय! जे हाती आलं थे घे अन् चाल, हंसा! नाही त हेही जाईन!"

त्यालाही दोन्ही ओ ऐकू आल्या होत्या. नंतर कधीच कबूल केलं नाही.

मी पोरीला कडेवर घेतलं. हनुवटीवरची पडल्याची खूण होती तिथंच होती. मी वाटेत किती वेळा पाहिली. खूण तीच, डोळे तेच. पण उतरताना ती एक शब्द बोलली नाही, आणि माझी कंबर जरासुद्धा दुखली नाही.

तांड्यात शिरलो. फुलचंदबाबा लिंबाखाली बसले होते. पोरगी माझ्या कडेवरून उतरली. सरळ त्यांच्याकडं गेली. त्यांच्या पांढऱ्या दाढीला हात लावला.

"फुल्या," ती म्हणाली, "तू कवा म्हातारा झाला रे?"

सगळा तांडा त्यांना बाबा म्हणायचा. फुल्या म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

बाबांनी तिला मांडीवर घेतलं आणि ओक्साबोक्शी रडले. दिवाळीच्या आत गेले.

वाडीतले गोटे थांबले. जमनी वाढली, लग्न झालं, लेकरं झाली. कामाला चांगली, तोंडानं गोड. तिनं कोणाचं वाईट केलं नाही. आजही आहे, माझ्यापेक्षा धडधाकट. मामाकडं जाताना खिंड लागली की आम्ही गोटा ठेवायचो. ती लांब उभी राहायची. "मले नोको सांगू," एवढंच म्हणायची.

याडीनं तिला खाऊपिऊ घातलं, न्हाऊमाखू घातलं. पण मांडीवर कधी घेतलं नाही. आणि पुन्हा कुठलंच बी आणलं नाही.

याडी गेली त्या दुपारी आम्ही दोघी बहिणी जवळ होतो. जमनी तिचे पाय चेपत होती. याडीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज खोल गेलेला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

"बसंते... माह्या जमनीवर एक गोटा ठेवत जाजो."

मी जमनीकडं पाहिलं. ती पाय चेपतच राहिली. हात थांबले नाहीत.

मी दरवर्षी जाते. आता चढवत नाही, नातू धरून नेतो. गोटा ठेवते आणि खाली मान घालून निघते. एकदा तरी तिला नावानं हाक मारावी असं फार वाटतं हो. ओठांवर येतं. गिळून टाकते.

आतून ओ आली तर मी काय करू?