दुपारच्या आजी

रेश्माच्या रक्तातलं मीठ पुन्हा उतरलं होतं, म्हणून डॉक्टर पंकजा भर दुपारी जुन्या वॉर्डकडे निघाली. काम साधंच होतं. पुन्हा एकदा रक्त घ्यायचं, सलाईन नीट चालू आहे का बघायचं आणि परत यायचं. एप्रिल संपत आला होता. कोल्हारच्या बाजूला, प्रवरेकाठी असलेलं ते धर्मादाय हॉस्पिटल दुपारी अगदी गपगार होऊन जायचं. ओपीडी बंद, डबे घेऊन आलेले नातेवाईक परत गेलेले, लिंबाखाली रिक्षावाला तोंडावर रुमाल टाकून झोपलेला. वारा पडला होता. पलीकडच्या शेतात उसाचं पाचट जाळल्याचा करपट वास तेवढा हवेत लोंबकळत होता.

जुना वॉर्ड आवाराच्या टोकाला, नदीच्या अंगाला. बैठी इमारत, उंच छत, समोरासमोर लोखंडी खाटा, जागेअभावी बायका-पुरुष एकत्रच. टीबीच्या पेशंटना मोकळी हवा मिळावी म्हणून खिडक्या चांगल्या ऐसपैस. पंकजाचं संशोधन इथेच चाललं होतं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी असतात. टीबी कधीकधी त्यांनाच पोखरतो. मग त्यांच्यातून येणारं हार्मोन आटतं, शरीराला मीठ धरून ठेवता येत नाही, माणूस काळवंडतो, खंगतो आणि मिठासाठी वखवखतो. वेळेत ओळखलं तर असा पेशंट साध्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं जगतो. नाही ओळखलं तर एखाद्या दिवशी बसल्या जागी जातो. तो वेळेत कसा ओळखावा, एवढंच पंकजाला शोधायचं होतं.

त्या उन्हाळ्यात तिला भलतंच सापडलं.

आधी एका म्हाताऱ्या मास्तरांचं मीठ उतरलं. मुलाने त्यांना नगरला हलवलं आणि तिथे ते आपोआप सुधारले. मग बिभीषणचं उतरलं. हा शेवगावकडचा ऊसतोडणी करणारा गडी. टोळी गावी परतली, हा आजारी म्हणून मागे राहिला. आणि आता रेश्मा. राहुरीजवळच्या वस्तीवरची, चोवीस-पंचवीस वर्षांची. तान्ही लेक सासूपाशी ठेवून आली होती. औषध लागू पडलं होतं, खोकला थांबला होता, घरी जायची भाषा सुरू झाली होती, आणि त्यातच शेजारच्या खाटेवरचा बिभीषण सुधारायला लागला आणि ही ढासळायला लागली.

पंकजाने पुण्याला सुनील सरांना फोन लावला होता. संशोधन त्यांच्याच हाताखाली चालायचं.

"हार्मोन नॉर्मल आहे सर. ग्रंथीही स्कॅनमध्ये स्वच्छ दिसतायत."

"मग फुप्फुसामुळे असेल. टीबीत सोडियम उतरतं कधीकधी. लघवीतून जात असेल."

"लघवीत जवळपास नाहीच सर. शरीर मीठ धरून ठेवायची धडपड करतंय. उलटी नाही, जुलाब नाहीत."

"मग राहिला घाम."

"तेच तर. एवढ्या उकाड्यात तिचं कपाळ कोरडं ठणठणीत असतं."

सर म्हणाले होते, "मीठ हवेत उडून जात नाही, पंकजा. कुठून तरी जातच असणार. ती वाट शोध."

वॉर्डात वीज गेलेली होती. पंखे थांबलेले. खाटांवर माणसं मेल्यासारखी झोपली होती. रेश्मा तेवढी जागी होती, छताकडे बघत पडलेली. पंकजाने तिच्या कपाळावर हात ठेवला. तापलेलं, कोरडं. आणि कातडी खरवडल्यासारखी लालसर.

"तुला घामच येत नाही का गं?"

"येतो की म्याडम. सगळ्यांवानी येतो."

"मग जातो कुठे?"

"पुसत्यात."

"कोण?"

"त्या... दुपारच्या आजी."

पंकजाला वाटलं, कुणा पेशंटची आई असेल. "कशाने पुसतात? फडकं स्वच्छ असतं का?"

रेश्माने भिंतीकडे मान वळवली.

"जिभेनं," ती म्हणाली.

वॉर्डात कुणाची तरी खाट करकरली.

"आधी मला वाटलं, सपान हाय. पन गाय वासराला चाटती ना, तसा आवाज येतो म्याडम... खरखर खरखर. आन् मग अंगातलं बळच जातं. हाक मारावी म्हनलं तर तोंड उचलत न्हाई."

"तुला दिसतात त्या?"

"डोळं उघडत न्हाईत. पापन्याबी चाटत्यात त्या."

पंकजा काही बोलणार, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून बिभीषणचा आवाज आला. तो झोपलेला नव्हताच.

"खरं हाय ते."

"तुम्हीही पाहिलंय?"

"बघितलं न्हाई. सोसलंय." त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली, एवढ्या उन्हाळ्यात. "ही पोरगी ह्या शेजारच्या खाटंवर आली आन् माझं थांबलं. म्हनून मी गप बसलो म्याडम. बोल्लो तर परत माझ्याकडं येतील, असं वाटलं..."

मीठ फार उतरलं की मेंदूवर सूज येते, माणूस भ्रमात जातो, हे पंकजाला माहीत होतं. दोघांनी एकमेकांच्या गोष्टी ऐकून एकच भास जोडला असेल, असं तिने स्वतःला बजावलं. तरी बाहेर येताच तिने जरीना सिस्टरना गाठलं आणि या दुपारच्या आजी कोण, ते विचारलं. त्यांची उभी नोकरी याच हॉस्पिटलात झाली होती.

"कोपऱ्यातल्या खाटेवर गेल्या वर्षी बनुबाई वारल्या," जरीना सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "देवळाली प्रवराच्या. तुम्ही यायच्या आधीचं हे. काळ्याठिक्कर पडलेल्या, नुसती हाडं. कुणीतरी बीपीचा आजार म्हणून सांगितलं होतं, म्हणून घरच्यांनी त्यांचं मीठ पार तोडलेलं. मुलगा फार जीव लावणारा. आबासाहेब. उशाशीच बसून असायचा. त्या मीठ-मीठ करायच्या आणि तो हात धरून ठेवायचा. आजार कळला तोवर उशीर झाला होता मॅडम. शेवटी तर त्या त्याच्या हाताचा घाम..."

सिस्टरनी पुढचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेश्माच्या सोडियमचा आकडा फारच खाली आला. आता कधीही झटके येऊ शकले असते. नव्या इमारतीत टीबीचा पेशंट घ्यायला वरिष्ठ तयार नव्हते. रात्रभर सलाईनने भरलेलं मीठ दुपारी नाहीसं होत होतं. तेव्हा पंकजाने ठरवलं की आज दुपारी आपण तिथून हलायचं नाही. जाताना तिने स्वयंपाकघरातून वाटीभर मीठ घेतलं. का घेतलं, ते तिला तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ती रेश्माच्या उशाशी स्टूल टाकून बसली. वीज गेली. पंखा फिरत फिरत मंदावला, थांबला, आणि त्याबरोबर बाहेरची कावळ्यांची कावकावही थांबली. उकाडा भिंतींतून पाझरल्यासारखा अंगावर येत होता. रेश्माच्या कपाळावर घामाचे थेंब जमले, टपोरे झाले. पंकजा बघत राहिली. कुठून तरी ओलसर, खारट वास आला, लोणच्याची जुनी बरणी उघडावी तसा.

मग आवाज आला. खर्र... खर्र...

रेश्माच्या डाव्या भुवईपासून केसांपर्यंत घामाचा एक पट्टा पुसला गेला. दोन बोटं रुंद. मग त्याच्याशेजारी दुसरा. केसांची मुळं वर उचलली गेली, पुन्हा चिकटली. रेश्माच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, आणि तिच्यावर कुणीही वाकलेलं नव्हतं. उन्हाची तिरीप सरळ खिडकीतून उशीवर पडली होती. मध्ये काहीही नव्हतं.

पळून जावं असं पंकजाच्या पायांना वाटत होतं, पण समोर एका तान्ह्या लेकराची आई बघता बघता आटत चालली होती. तिने वाटीतलं मीठ तळहातावर ओतलं आणि हात उशीवर धरला.

"घ्या आजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तिला सोडा... हे घ्या."

खरखर थांबली. वॉर्ड श्वास रोखून बसल्यासारखा झाला. आणि मग तिच्या तळहाताला काहीतरी लागलं. गार. कोरडं. मांजरीच्या जिभेसारखं काटेरी, पण चांगलं रुंद, माणसाचं. मीठ कडेकडेने कमी होत गेलं. संपलं. तरी ती जीभ थांबेना. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून ती वर सरकायला लागली, तेव्हा पंकजाने किंचाळून हात मागे घेतला. तळहाताची कातडी सोलवटली होती.

रेश्मा वाचली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याच संध्याकाळी पंकजाने वरिष्ठांशी भांडून नव्या इमारतीतली सामानाची खोली रिकामी करून घेतली आणि तिला तिथे हलवलं. तिथे तिचं मीठ टिकलं. पुढे ती आपल्या पायांनी घरी गेली, लेकीला घेऊन एकदा भेटूनही गेली. जुना वॉर्ड आज बंद आहे, आणि पंकजाने त्या संशोधनातून अंग काढून घेतलंय. पण वॉर्ड बंद झाला तो रेश्मामुळे नव्हे.

रेश्मा हलली आणि दुसऱ्याच दिवशी बिभीषणचं मीठ उतरायला लागलं. "आल्या म्याडम... परत माझ्याकडंच आल्या," एवढंच तो म्हणत होता. सगळ्यांना हलवायला जागा नव्हती. तेव्हा पंकजाने जरीना सिस्टरना विचारलं, "तो मुलगा कुठे भेटेल?"

आबासाहेब आपला टेम्पो घेऊन आला. पन्नाशीचा, थोराड अंगाचा माणूस. पंकजाने त्याला काहीही न लपवता सगळं सांगितलं. हा हसेल किंवा अंगावर येईल, असं तिला वाटलं होतं. तो खाली बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई उपाशी हाय, हे मला ठावं हाय म्याडम. ती गेल्यापास्नं माझ्या तोंडाला आळनी बी ग्वाड लागत न्हाई आन् खारट बी."

दुपारी तो कोपऱ्यातल्या खाटेपाशी उभा राहिला. बिभीषणला व्हरांड्यात नेलं होतं, बाकीच्यांनाही झाडाखाली बसवलं होतं. वॉर्डात तो, पंकजा आणि दाराशी जरीना सिस्टर. वीज गेली. आबासाहेबने पिशवीतलं खडे मीठ ओंजळीत घेतलं आणि रिकाम्या गादीवर हात पसरले.

"आये," तो म्हणाला, "चुकलं माझं. तुझ्या भल्याचंच हाय असं वाटलं हुतं. खा... आता कुनी न्हाई अडवायचं. प्वाटभर खा."

बराच वेळ काही झालं नाही. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ सदऱ्यात उतरत होते. मग तो खारट वास आला. आणि ओंजळीतले वरचे खडे हलले, एकमेकांवर घासले, एकेक करून दिसेनासे व्हायला लागले.

आबासाहेबच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते गालावरून खाली यायचं आणि मध्येच पुसलं जायचं नाही, नीट हनुवटीपर्यंत यायचं. तो हसत होता. "तीच हाय," तो म्हणाला. "आईच हाय म्याडम. अशीच खायाची ती, घाईघाईनं..."

पंकजाने सुटकेचा श्वास टाकला. तिला वाटलं, संपलं. आता म्हातारी तृप्त होईल आणि जाईल. मीठ शांतपणे कमी होत होतं.

आणि मग आबासाहेबचं हसू थांबलं. खांदे ताठ झाले. ओंजळ त्याने हलवली नाही.

"म्याडम..."

"काय झालं? हलू नका."

"ह्या वारडात... आई एकटीच गेली ना?"

पंकजा त्याच्या मागे उभी होती. कॉलरपासून केसांपर्यंत त्याच्या मानेवरचा घाम सावकाश, पट्ट्यापट्ट्याने पुसला जात होता. ओंजळीतलं मीठही अजून कमी होतच होतं.

"आई तर हातावर हाय," आबासाहेब अगदी हळू म्हणाला. "मग... मानंवर कोन हाय?"